घर भाड्याने देताना सुरक्षेची तपासणी आणि नोंदी: महाराष्ट्रातील घरमालकांसाठी क्रमवार मार्गदर्शक

घर भाड्याने देताना बहुतेक मालकांचा क्रम उलटा असतो. आधी एजंट भाडेकरू आणतो, मग घाईघाईत करार होतो, त्याच संध्याकाळी किल्ली हातात जाते. वायरिंग, गॅस, गिझर यांचा विचार पहिली तक्रार आल्यावर सुरू होतो. तोवर घरात माणसे राहायला आलेली असतात, भिंतीला कपाटे लागलेली असतात आणि आधी काय बिघडलेले होते व नंतर काय बिघडले हे कुणालाच सांगता येत नाही. तपासणी आणि कागद ही दोन वेगळी कामे समजली जातात, तिथूनच सगळा घोळ होतो. तपासणी झाली की त्याच दिवशी तिची नोंद व्हायला हवी. खाली दिलेला क्रम महाराष्ट्रातील लिव्ह अँड लायसन्स पद्धतीने, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी फक्त राहण्याची परवानगी देऊन, दिलेल्या घरांसाठी आहे.

## टप्पा १: घर रिकामे असतानाच तपासणी

जुना भाडेकरू गेल्यावर आणि नवा येण्याआधी काही दिवस घर मुद्दाम रिकामे ठेवा. त्या दिवसांचे भाडे बुडते म्हणून मालक हे टाळतात. पण कपाटामागचा ओलावा, गिझरमागची जळकी वायर, बाल्कनीच्या कठड्याचा गंज हे सगळे फक्त रिकाम्या घरातच नीट दिसते.

### वीज

परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा. त्याला "सगळं चालू आहे का बघ" एवढेच सांगू नका. दिवे लागतात, पंखे फिरतात, म्हणजे वायरिंग सुरक्षित आहे असे होत नाही. तीन गोष्टी नावानिशी तपासून घ्या.

पहिली, आरसीसीबी, म्हणजे शॉक बसताच वीज तोडणारे उपकरण, आहे का. पुष्कळ घरांत फक्त एमसीबी असतात आणि मालकाला वाटते की शॉकपासून संरक्षण आहे. एमसीबी जास्त भार आणि शॉर्ट सर्किट यांपासून वायर वाचवते. माणसाच्या अंगातून जमिनीकडे जाणारा थोडासा प्रवाह तिला कळत नाही. ते काम ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचे. ती नसेल तर बसवून घ्या. या यादीतले एकच काम करायचे ठरवले तर ते हे करा.

दुसरी, अर्थिंग. आरसीसीबीवरचे टेस्ट बटण दाबल्यावर तिने वीज तोडली, म्हणजे ते उपकरण चालते एवढेच कळते. त्यावरून घराचे अर्थिंग ठीक आहे असा अर्थ काढू नका. अर्थिंग मीटर लावून वेगळे तपासावे लागते. स्वयंपाकघर, बाथरूम आणि वॉशिंग मशीनचा सॉकेट या तिन्ही ठिकाणी पाहा.

तिसरी, जड उपकरणांचे सॉकेट. २,००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण पावणेनऊ अँपिअर ओढतो. तो ६ अँपिअरच्या सॉकेटला अ‍ॅडॉप्टर लावून चालवला की सॉकेट तापतो, काळा पडतो आणि एक दिवस पेटतो. गिझर आणि एसी यांना १६ अँपिअरचा सॉकेट आणि त्याला पुरेशा जाडीची स्वतंत्र वायर हवी.

तपासा: इलेक्ट्रिशियनकडून तारीख, परवाना क्रमांक, काय तपासले आणि काय बदलले हे लिहिलेले सही असलेले बिल घ्या. "वायरिंग काम" एवढेच लिहिलेले बिल पुढे काहीच सिद्ध करत नाही.

### गॅस

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो, तो छताकडे जातो. त्यामुळे सिलिंडर वापरात असेल तर हवा खेळायची वाट खाली हवी, पाइप गॅस असेल तर वर हवी. नवे ट्रॉली किचन करताना खालची जाळी बंद होऊन जाते, ती आवर्जून पाहा.

सिलिंडरच्या रबरी नळीचे आयुष्य पाच वर्षे धरतात. तारीख नळीवरच छापलेली असते. ती पुसट झाली असेल तर वाद न घालता नळी बदला. नळी भिंतीतून किंवा बंद कपाटाच्या आतून नेलेली असेल तर ती बाहेर, दिसेल अशी घ्या. गळती पाहायची तर सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहा. काडी पेटवून कधीही पाहू नका.

गॅस जोडणी शक्यतो भाडेकरूच्या स्वतःच्या नावावर असू द्या. मालकाच्या नावावरचा सिलिंडर वापरला तर दर पाच वर्षांची तपासणी कुणी करून घ्यायची, रेग्युलेटर कुणी बदलायचा, हे प्रश्न लोंबकळत राहतात.

इशारा: बाथरूममधला गॅस गिझर. छोट्या बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालला की प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके दुखते, चक्कर येते आणि दार उघडायचे त्राण राहत नाही. अशा घटनांत माणसे आंघोळीला गेली आणि परत आलीच नाहीत. "खिडकी उघडी ठेवा" अशी सूचना पुरत नाही, कारण थंडीत खिडकी बंदच होणार. गिझर उघड्या गॅलरीत हलवा, नाहीतर काढून विजेचा बसवा. भाडेकरू "राहू दे" म्हणाला तरी.

विजेच्या गिझरमध्ये थर्मोस्टॅट आणि दाब सोडणारी झडप चालू आहे ना, हे पाहा. झडपेतून थेंब थेंब पाणी येते म्हणून तिचे तोंड बुच मारून बंद केलेले आढळते. हे फार धोकादायक आहे. दाब वाढला की टाकी फुटू शकते.

### ग्रिल, कठडा, छत

चोरापासून बचाव म्हणून खिडक्यांना पिंजऱ्यासारखी ग्रिल बसवतात. आग मुख्य दाराजवळ लागली तर त्याच ग्रिलमुळे आतली माणसे अडकतात. निदान एका खोलीच्या ग्रिलला उघडणारी झडप हवी आणि तिची किल्ली त्याच खोलीत, सगळ्यांना माहीत असलेल्या जागी हवी. कठड्याच्या गजांमधून लहान मुलाचे डोके जाईल इतके अंतर असेल तर जाळी मारा. गंजलेला गज हाताने हलवून पाहा.

छताचे पोपडे, स्लॅबमधून डोकावणारी सळई, गंजाचे तांबूस डाग असलेली भेग यांवर रंग मारून भाडेकरू दाखवायला बोलवू नका. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचे दर तीन वर्षांनी व्हायला हवे. सोसायटीकडे शेवटच्या अहवालाची प्रत मागा. अग्निशमन यंत्रणा असलेल्या इमारतींसाठी जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा 'फॉर्म बी', म्हणजे ती यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र, द्यावे लागते. त्याचीही प्रत मागून फाइलला लावा. "ते सोसायटीचं काम आहे" हे खरे, पण घर देणारे तुम्ही आहात.

स्वयंपाकघराच्या दाराजवळ एबीसी पावडरचे छोटे अग्निशामक ठेवा. शेगडीच्या अगदी शेजारी नको, आग तिथेच लागली तर हात पोचणार नाही. त्याच्या दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात असावा.

## टप्पा २: घराची फाइल

दुरुस्त्या झाल्या, की भाडेकरू येण्याआधी फाइल तयार करा. जाड पुठ्ठ्याची एक फाइल आणि तिचीच स्कॅन प्रत, एवढे पुरे. तिच्यात जायला हवे ते असे:

- इलेक्ट्रिशियन, प्लंबर, गॅस तपासणी यांची बिले
- उपकरणांची नावे, सीरियल क्रमांक, वॉरंटी कार्डे
- खोलीवार सामान यादी, प्रत्येक वस्तूच्या स्थितीसह
- फोटो आणि एक सलग व्हिडिओ
- लाइट बिल, पाणीपट्टी, मालमत्ता कर आणि सोसायटीच्या देखभाल खर्चाच्या शेवटच्या पावत्या

सामान यादीत सगळ्यात जास्त चूक होते. "पंखे ४, ट्यूबलाइट ६, कपाट २" अशी यादी वस्तू होत्या एवढेच सांगते. भांडण स्थितीवरून होते. म्हणून लिहा: "हॉल, पंखा, चालू, एका पात्याला ओरखडा." "किचन ओटा, सिंकशेजारी बोटभर चीर, जुनी." दोष लपवू नका. आज लिहिलेला जुना दोष उद्या भाडेकरूच्या माथी मारला जात नाही, आणि न लिहिलेला नवा दोष तुमच्या माथी येत नाही.

फोटो काढताना दारातून सुरुवात करून उजव्या हाताने खोलीभर फिरा, प्रत्येक खोलीत तसेच. मग एकही भिंत सुटत नाही. नळांखालची जागा, बाथरूमचे कोपरे, छत आणि खिडक्यांच्या कड्या वेगळ्या टिपा.

## टप्पा ३: भाडेकरूची माहिती

ओळखपत्राची मूळ प्रत स्वतः पाहा. एजंटने फोनवर पाठवलेला फोटो पुरेसा धरू नका. कायमचा पत्ता, कामाचे ठिकाण, आणीबाणीत कळवायच्या नातेवाइकाचा क्रमांक आणि घरात नेमके कोण कोण राहणार त्यांची नावे लिहून घ्या. आधारची प्रत हवी असेल तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारी, झाकलेली प्रत पुरते.

ही कागदपत्रे तुमच्याकडे विश्वासाने आलेली असतात. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती टाकणे, एजंटच्या फोनमध्ये राहू देणे, झेरॉक्सच्या दुकानात विसरणे, हे सर्रास चालते आणि ते चुकीचे आहे.

## टप्पा ४: करार आणि नोंदणी

"अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही" हा समज अजून गेलेला नाही. नोंदणी कायद्यात एका वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्यांना सूट आहे, त्यातून तो आला. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम ५५ सांगते की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा. मुदत अकरा महिने असो वा पाच वर्षे. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर घर दिले याबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षाही आहे. नोटरी केलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे.

नोंदणीचा फायदाही मालकालाच जास्त आहे. मुदत संपल्यावर घर परत मिळवण्यासाठी याच कायद्याच्या कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि तिथे लेखी लायसन्स करार हाच निर्णायक पुरावा मानला जातो. मुदतीनंतर घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते.

मुद्रांक शुल्क किती हे एजंटवर सोडू नका, हिशेब सोपा आहे. पूर्ण मुदतीचे भाडे, अधिक परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेले व्याज, आणि या बेरजेच्या ०.२५ टक्के. उदाहरणार्थ, महिना २०,००० रुपये भाडे, २४ महिने, डिपॉझिट ६०,०००. भाडे ४,८०,०००, व्याज १२,०००, बेरीज ४,९२,०००, शुल्क १,२३० रुपये. नोंदणी फी शहरी भागात १,००० रुपये. एजंटचा सेवाखर्च यापेक्षा वेगळा, तो त्याच्याकडून स्वतंत्र लिहून घ्या.

करारात सुरक्षेच्या तीन अटी नक्की घाला. कोणती दुरुस्ती कुणी करायची. घराची पाहणी किती दिवस आधी कळवून करायची. आणि वीज, गॅस, गळती यांच्या तातडीच्या कामासाठी कुणाला फोन करायचा. भाडे नियंत्रण कायद्याचे कलम १४ घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकते. मालकाने १५ दिवसांच्या लेखी नोटिशीनंतरही लक्ष दिले नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत खर्च वळता करू शकतो. हे कलम भाडेकरूबद्दल बोलते. लिव्ह अँड लायसन्समध्ये राहणारा लायसन्सी असतो, म्हणून दुरुस्तीची वाटणी करारातच स्पष्ट हवी. टप्पा २ मधली सामान यादी कराराला जोडपत्र म्हणून लावा.

तपासा: बायोमेट्रिक झाल्यावर थांबू नका. नोंदणी पूर्ण होऊन दस्त क्रमांक असलेली प्रत आणि इंडेक्स टू (नोंदणीचा सारांश उतारा) हातात आल्यावरच किल्ली द्यायची. "नोंदणी होईल दोन दिवसांत, सामान आणू दे" इथे पुष्कळ मालक फसतात.

## टप्पा ५: पोलिसांना आणि सोसायटीला कळवणे

पोलीस आयुक्तालये भाडेकरूंची माहिती देण्याचे आदेश वेळोवेळी काढतात. तो आदेश मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा होऊ शकतो आणि तो मालकावर होतो, एजंटवर नाही. माहिती महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ऑनलाइन भरता येते किंवा पोलीस ठाण्यात देता येते. भरल्यावर पोच छापून फाइलला लावा. "एजंटनं केलंय" याला पुरावा म्हणत नाहीत.

भाडेकरू परदेशी नागरिक असेल तर तो आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरणे हे घर देणाऱ्याचे काम आहे.

सोसायटीला कराराची प्रत जोडून पत्र द्या आणि पोच घ्या. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावू शकते, पण ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये.

## टप्पा ६: ताबा देण्याचा दिवस

हा दिवस नुसता किल्ली देण्यात घालवू नका. भाडेकरूसोबत घरभर फिरा आणि त्याच्याच हाताने या गोष्टी करून घ्या: मेन स्विच बंद-चालू करणे, आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबणे, पाण्याची मुख्य झडप फिरवणे, गॅसची झडप बंद करणे, ग्रिलची झडप उघडणे. तुम्ही बोट दाखवून सांगितलेले रात्री दोन वाजता आठवत नाही, हाताने केलेले आठवते. घरात वयस्कर माणसे असतील तर त्यांनाही बोलवा.

मग विजेच्या आणि गॅसच्या मीटरचे रीडिंग दोघांच्या समोर घेऊन फोटो काढा. किल्ल्या मोजून संख्या लिहा. सामान यादीवर दोघांच्या सह्या आणि तारीख. त्याच दिवशी यादी, फोटो आणि रीडिंग भाडेकरूला ईमेल करा, म्हणजे दोन्हीकडे तारखेसह एकच प्रत राहते.

इशारा: जास्तीची किल्ली स्वतःकडे ठेवायची असेल तर ती करारात लिहा. न कळवता घरात शिरण्याचा हक्क त्या किल्लीने मिळत नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २८ नुसार पाहणी आगाऊ सूचना देऊन आणि वाजवी वेळीच करायची असते.

## टप्पा ७: भाडे चालू असताना

एक साधी वही ठेवा. तिच्यात चार रकाने: तक्रार आली ती तारीख, तक्रार काय, माणूस कधी पोचला, काय केले आणि बिल क्रमांक. तक्रार फोनवर आली तरी तुम्ही मेसेजने उत्तर द्या: "गिझरमधून पाणी गळते असे आज कळवलेत, उद्या सकाळी प्लंबर येईल, तोवर गिझर बंद ठेवा." या एका मेसेजमध्ये तक्रार, तुमची कृती आणि सुरक्षेची सूचना, तिन्हींची नोंद होते.

शॉक, जळका वास, गॅसचा वास, छताचा तुकडा पडणे या चार तक्रारींना "बघतो" हे उत्तर चालत नाही. वापर तात्काळ थांबवा आणि माणूस त्याच दिवशी पाठवा. खर्च कुणी करायचा हे नंतर ठरवा.

आरसीसीबीचे बटण भाडेकरूने महिन्यातून एकदा दाबावे, एवढी आठवण पाठवत जा. वर्षातून एकदा, आधी कळवून, टप्पा १ मधली विजेची आणि गॅसची तपासणी पुन्हा करा. करार वाढवला तर नवा करार, नवी नोंदणी आणि पोलिसांना नवी माहिती हे सगळे पुन्हा आले. जुन्याच कागदावर "वाढवले" असे लिहून चालत नाही.

भाड्याची पावती रक्कम मिळताच द्यायची असते, हे कलम २६ सांगते. ऑनलाइन भाडे आले तरी महिना आणि रक्कम लिहून पोच पाठवा. वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर असेल तर नोकरदार भाडेकरू घरभाडे भत्त्यासाठी तुमचा पॅन मागेल, तो द्यावा लागतो. महिन्याचे भाडे ५०,००० च्या वर असेल तर तो २ टक्के टीडीएस कापेल, त्याचे प्रमाणपत्र मागून घ्या. प्राप्तिकरात भाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, प्रत्यक्ष दुरुस्तीचा खर्च वेगळा दाखवता येत नाही. म्हणून काही मालक दुरुस्तीची बिले फेकून देतात. फेकू नका, घर सुरक्षित ठेवल्याचा तोच पुरावा आहे.

भाडे थकले म्हणून पाणी किंवा वीज तोडू नका. भाडे नियंत्रण कायद्याचे कलम २९ आवश्यक सेवा तोडायला मनाई करते, आणि थकबाकीसाठी कायद्याचा मार्ग वेगळा आहे.

## टप्पा ८: घर परत घेताना

सामानाची गाडी निघण्याआधी पाहणी करा, पण घर बऱ्यापैकी मोकळे झाल्यावर. तीच यादी, तोच क्रम, त्याच जागांचे फोटो. रंग फिका पडणे, नळाचा वायसर झिजणे ही वापराची झीज आहे, तिचे पैसे कापणे योग्य नाही. फुटलेली काच, तुटलेले बेसिन, परवानगीशिवाय भिंतीत पाडलेली भोके यांचे पैसे कापता येतात, पण बिल किंवा लेखी अंदाजपत्रक दाखवून. कपात किती आणि कशाची हे एका कागदावर लिहा, दोघांनी सह्या करा आणि उरलेले डिपॉझिट बँकेतूनच परत करा.

शेवटची रीडिंग, परत आलेल्या किल्ल्यांची संख्या आणि ताबा मिळाल्याची पावती फाइलला लावा. पैशांच्या दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षे असते, तोवर फाइल हलवू नका. भाड्याच्या आणि कराच्या नोंदी त्याहून जास्त काळ ठेवा. भाडेकरूच्या ओळखपत्रांच्या प्रती मात्र गरज संपल्यावर फाडून टाका आणि फोनमधूनही काढा.